तुरटीचा खडा मूत्राशयात

पावसाळ्यात मुळा नदीचं पाणी गढूळ आलं की राहुरीकडच्या घरांत हंड्यात तुरटीचा खडा फिरवायची जुनी रीत. न्हाव्याच्या पेटीतही तोच खडा, दाढी करताना कापलं तर घासायला. आणि मूत्राशयातला न थांबणारा रक्तस्राव आटोक्यात आणायला युरॉलॉजिस्टही त्याच क्षाराकडे वळतात! ऑस्ट्रॉफ आणि शेनॉल्ट या अमेरिकी डॉक्टरांनी हा उपाय १९८२ मध्ये 'जर्नल ऑफ युरॉलॉजी'त मांडला.

हा रक्तस्राव बऱ्याचदा जुन्या उपचाराची उधारी असतो. गर्भपिशवीच्या तोंडाच्या कर्करोगावर किरणांचा शेक दिला जातो तेव्हा अगदी पुढ्यात असलेलं मूत्राशय त्यातून पूर्ण सुटत नाही. मुंबईच्या टाटा रुग्णालयाने २००३ ते २०११ या काळात बऱ्याच पसरलेल्या, म्हणजे '३ बी' टप्प्याच्या ८५० बायकांवर चाचणी केली. नुसत्या शेकाने पाच वर्षांनी ४६ टक्के जिवंत होत्या, जोडीला सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध दिल्यावर ५४ टक्के. बायका जगू लागल्या, तसे उशिराचे दुष्परिणामही डॉक्टरांपुढे येऊ लागले.

शेक चालू असताना लघवीला होणारी जळजळ सहसा काही आठवड्यांत शमते. उशिराचं दुखणं वेगळं. किरणांनी मूत्राशयाच्या बारीक रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर जाड होत जातं, वाट अरुंद होते, भिंतीला प्राणवायू पुरत नाही आणि ती ताठरते. मग शरीर घाईघाईने नव्या वाहिन्या काढतं, त्या पातळ आणि फुगीर. जरा ताण पडला की फुटतात. हे सहा महिन्यांनी घडेल, नाहीतर दहा-पंधरा वर्षांनी. तोवर घरात शेकाचा विषयही उरलेला नसतो. 'उन्हाळे लागलेत' म्हणून सब्जाचं पाणी सुरू होतं.

रक्ताच्या गाठींनी लघवी तुंबली तर पहिलं काम प्लंबरचं! जाड नळी घालून गाठी खेचून काढायच्या, मग तीन तोंडांच्या नळीतून सलाइनने मूत्राशय सतत धूत राहायचं. एवढ्यानेही अनेकांचा रक्तस्राव थांबतो. नाहीच थांबला तर लिटरमागे १० ग्रॅम तुरटीचं निर्जंतुक द्रावण त्याच नळीतून सोडतात. तुरटीतलं ॲल्युमिनियम पृष्ठभागावरची प्रथिनं साकळवतं, वाहिन्यांची तोंडं आवळली जातात. भूल लागत नाही. फॉर्मॅलिनचाही पर्याय आहे, पण त्याला भूल हवी, आणि ते उलटं मूत्रपिंडाकडे चढणार नाही याची आधी खात्री करावी लागते. तुरटीही अगदी निरुपद्रवी नाही: मूत्रपिंडं कमजोर असतील तर ॲल्युमिनियम रक्तात साचून मेंदूला बाधा होऊ शकते. त्यामुळे हे काम रुग्णालयातच.

गाजावाजा मात्र होतो तो प्राणवायूच्या दाबकक्षाचा. कल्पना सुंदर आहे: वातावरणाच्या सुमारे अडीचपट दाबाखाली शुद्ध प्राणवायू घ्यायचा, म्हणजे उपाशी भिंतीत निरोगी वाहिन्या वाढतात. उत्तर युरोपातल्या पाच रुग्णालयांची 'रिच-आर्ट' चाचणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. ३० ते ४० बैठकांनंतर रुग्णांनी स्वतः भरलेल्या तक्त्यात, १०० गुणांच्या मोजपट्टीवर, नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा सुमारे १० गुणांची जास्त सुधारणा दिसली. फायदा खरा वाटतो. पण रुग्ण होते अवघे ७९, आणि आपण कक्षात बसलो हे प्रत्येकाला ठाऊक होतं. खोट्या कक्षाशी तुलना झालीच नाही. शिवाय राहुरीच्या शेतकरी बाईने रोज एक बैठक म्हटलं तरी महिना-सव्वा महिना शहरात मुक्काम करायचा कुणाकडे? जाहिरातीत हा हिशेब नसतो.

लघवीत रक्त दिसलं की नगरला जा, लोणीला जा नाहीतर पुण्याला, शेकाची जुनी फाइल सोबत हवी. दुर्बीण घालून आधी नवी गाठ नाही ना हे पाहावं लागतं, पण शेक लागलेल्या भिंतीची जखम लवकर भरत नाही. तिचा तुकडा तपासणीला घेतला तर भोक पडून लघवी योनिमार्गातून झिरपायचा धोका असतो. किरणांची मात्रा किती होती आणि कुठे दिली होती, हे फाइलमधून कळलं तर तुकडा घ्यायचा की नाही हे डॉक्टरांना ठरवता येतं.