विजेचा ठिकाणा आणि उपग्रहाचं घड्याळ

वीज नेमकी कुठे पडली हे शोधताना दूरदूरचे सेन्सर तिचा रेडिओ-स्पंद टिपतात आणि तो पोचण्याच्या वेळांतल्या फरकावरून जागा काढतात. रेडिओलहर एका मायक्रोसेकंदात सुमारे ३०० मीटर जाते. त्यामुळे घड्याळं थोडी जरी मागेपुढे असली, तरी वीज भलत्याच गावात पडल्याचं दिसेल.

स्वस्त उपकरणातलं घड्याळ चालवणारा क्वार्ट्झ स्फटिक दहा लाखांत २० भागांनी चुकला, तरी दिवसाला पावणेदोन सेकंदांचा फरक पडतो. तापमान बदललं की चूकही बदलते. यावर उपाय म्हणजे जीपीएस रिसीव्हर. उपग्रहांतल्या अणुघड्याळांच्या आधारे तो दर सेकंदाच्या आरंभी एक विद्युत-स्पंद देतो. साध्या रिसीव्हरचा स्पंदही सहसा मायक्रोसेकंदाच्या दहाव्या भागाहून कमीच चुकतो. तो सेकंद कोणता, हे सोबतच्या संदेशातून कळतं.

समजा, १६ मेगाहर्ट्झच्या स्फटिकाने जीपीएसच्या लागोपाठच्या दोन स्पंदांमध्ये १,६०,००,३२० ठोके मोजले. म्हणजे तो जलद चालतो आहे. वीज ४०,००,०८० व्या ठोक्याला टिपली गेली, तर खरी वेळ त्या सेकंदाचा बरोबर पाव भाग. स्फटिक दुरुस्त करावा लागत नाही. त्याची चूक दर सेकंदाला मोजली की पुरे.

जीपीएसच्या अँटेनाला मात्र मोकळं आकाश हवं. ब्लिट्झॉर्टुंग हे स्वयंसेवकांचं जागतिक वीजशोध जाळं अशाच स्वस्त उपकरणांवर उभं आहे. अचूक वेळ आता सामान्यांच्याही आवाक्यात आली आहे, आणि विज्ञानासाठी ही फार मोलाची गोष्ट आहे.