'सर' सिनेमा आणि नाव घेण्याची गोष्ट

आजच्या भागात आपण एका छोट्या सिनेमाबद्दल बोलणार आहोत. नाव 'सर', दिग्दर्शिका रोहेना गेरा. नेटफ्लिक्सवर तो 'इज लव्ह इनफ? सर' या नावाने आला. शेवटाबद्दलही बोलणार आहे, त्यामुळे आधी सिनेमाच बघायचा असेल तर इथेच थांबा आणि नंतर परत या.

गोष्ट साधी. रत्ना महाराष्ट्रातल्या एका खेड्यातली. लग्न झालं आणि एकोणिसाव्या वर्षी ती विधवा झाली. आता मुंबईत अश्विन नावाच्या श्रीमंत मुलाच्या फ्लॅटमध्ये राहून घरकाम करते. धाकट्या बहिणीचं शिक्षण तिच्या पगारावर चाललंय, आणि तिला स्वतःला फॅशन डिझायनर व्हायचंय. अश्विनचं ठरलेलं लग्न मोडलंय. एका छपराखाली दोघं एकटे. हळूहळू जीव जडतो.

हे ऐकून वाटेल, यात नवीन काय? मोलकरीण आणि श्रीमंत माणूस, हॉलिवूडनेही 2002 मध्ये 'मेड इन मॅनहॅटन' केलाच होता. फरक असा, की तिथे प्रेम जमलं की प्रश्न संपतो. इथे प्रेम जमलं की प्रश्न सुरू होतो. लोकांना कळलं तर अश्विनची फार तर चेष्टा होईल. रत्नाची मात्र नोकरी, डोक्यावरचं छप्पर, गावातली अब्रू, बहिणीचं शिक्षण, सगळंच जाईल. म्हणून 'मला कोणाची पर्वा नाही' हे त्याला परवडतं, तिला नाही.

आता बांगड्या. गावाबाहेर पडल्यावर रत्ना हातात बांगड्या चढवते. त्यावर एकही भाषण नाही, पण साताऱ्या-सांगलीकडच्या माणसाला ते समजावून सांगावं लागत नाही. माण, खटाव, आटपाडी, जत या दुष्काळी तालुक्यांतून पिढ्यानपिढ्या माणसं पोटासाठी मुंबईला गेली. तिथे कष्ट आहेत, खोली लहान आहे, पण काही बायकांसाठी मुंबई म्हणजे हातात बांगड्या घालता येतील अशी जागासुद्धा असते. पोट आणि मोकळीक, दोन्ही एकाच एसटीने जातात.

हा काही जुन्या काळचा विषय नाही. सांगलीला लागून असलेल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाड गाव आहे. पतीच्या निधनानंतर बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र काढणं या प्रथा बंद करण्याचा ठराव तिथल्या ग्रामसभेने मे 2022 मध्ये केला. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर गावांनाही तसं करण्याचं आवाहन केलं. म्हणजे सिनेमा बनून गेल्यानंतरही ठराव करायची वेळ होतीच.

'इंडिपेंडंट' सिनेमा म्हणजे काय, तेही यातून कळतं. मोठा स्टुडिओ नाही, मोठा हिरो नाही. रत्ना झालीये तिलोत्तमा शोम, अश्विन झालाय विवेक गोम्बर आणि रत्नाची मैत्रीण लक्ष्मी झालीये आपली गीतांजली कुलकर्णी. मे 2018 मध्ये कान महोत्सवाच्या क्रिटिक्स वीकमध्ये तो दाखवला गेला, तिथे बक्षीसही मिळालं. भारतातल्या थिएटरमध्ये यायला मात्र नोव्हेंबर 2020 उजाडला. पुढच्या जानेवारीपासून तो नेटफ्लिक्सवर घरबसल्या पाहता आला.

आणि शेवट. अश्विन अमेरिकेला निघून गेलाय. रत्नाला एका डिझायनरकडे काम मिळालंय. गच्चीवर फोन वाजतो. आतापर्यंत ती त्याला 'सर' म्हणत आलेली असते. या वेळी ती म्हणते, 'अश्विन'. बस, सिनेमा संपतो.

इंग्रजी सबटायटल वाचणाऱ्याला यात बरोबरी दिसेल. आपल्याला आणखी काहीतरी ऐकू येतं. आपल्याकडे बाई नवऱ्याचं नाव सहज घेत नाही, 'अहो' म्हणते. नाव घ्यायचं ते उखाण्यात, चारचौघांच्या आग्रहाने. रत्ना नाव घेते तेव्हा आग्रह करायला कुणी नसतं. आणि ती आता त्याच्या पगारावरही नसते. आधी स्वतःची नोकरी, मग नाव. हा क्रम उलटा असता, तर तो फक्त मालकाचा मोठेपणा ठरला असता.

सिनेमा जेमतेम शंभर मिनिटांचा आहे. जमलं तर घरातल्या आई-आजीसोबत बघा. बांगड्यांचा प्रसंग आला, की त्यांच्याकडे बोलण्यासारखं बरंच निघेल. भेटू पुढच्या भागात!