मैदानाला तह दिसत नाही

मराठी ऐतिहासिक नाटकाचा संसार जवळजवळ सगळा छपराखाली झाला. विनायक जनार्दन कीर्तने यांचे 'थोरले माधवराव पेशवे' १८६१ मध्ये प्रसिद्ध झाले. तेव्हापासून वसंत कानेटकरांच्या 'रायगडाला जेव्हा जाग येते' (१९६२) पर्यंत रंगभूमीवरचा इतिहास हा मुख्यतः बोलणाऱ्या माणसांचा इतिहास आहे. महाल, सदर, शयनगृह; बाप-मुलगा, राजा-कारभारी, नवरा-बायको. लढाई व्हायची ती विंगेत, आणि जासूद धापा टाकत येऊन तिची हकिगत सांगायचा. १९८५ मध्ये बाबासाहेब पुरंदऱ्यांनी 'जाणता राजा' मैदानात आणले. दोनशेहून अधिक कलावंत, शिवाय घोडे, हत्ती, उंट. लढाई विंगेतून बाहेर आली आणि जासूद बेकार झाला.

त्यानंतर या जातीच्या प्रयोगांना महानाट्य हे नाव रुळले आणि लहानमोठी महानाट्ये जिल्ह्याजिल्ह्यांत होऊ लागली. आपल्या नाट्यसमीक्षेने त्यांच्याकडे बहुतेक वेळा जत्रा म्हणूनच पाहिले. मला हे पटत नाही, आणि कारण वाङ्मयीन नाही. ज्यांनी इतिहासाचे एकही पुस्तक उघडलेले नाही अशी हजारो माणसे एका रात्रीत जो इतिहास घरी घेऊन जातात, तो कसा तयार होतो हे पाहणे हे इतिहासाच्या अभ्यासकाचे काम आहे.

ते पाहण्याची संधी मला एका तालुक्याच्या गावी मिळाली. स्थानिक हौशी मंडळाने शिवचरित्रावर महानाट्य करायचे ठरवले होते. चार रात्रींचे प्रयोग, कॉलेजचे मैदान, दीडशेच्या आसपास कलाकार आणि त्यांतले बरेचसे तालमीतले व लेझीम पथकातले. मला 'इतिहास सल्लागार' असे भारदस्त नाव देऊन अडीच महिने बरोबर ठेवले. मला वाटले होते, तारखा विचारतील. विचारले ते वेगळेच.

पहिला प्रश्न कपडेपट सांभाळणाऱ्या काकांचा. "सर, पागोटी किती रंगांची?" प्रश्न साधा, पण त्यामागे गणित होते. रंगमंचापासून शेवटची रांग शंभर मीटरवर. तेवढ्या अंतरावरून चेहरा म्हणजे एक फिकट ठिपका. माणूस ओळखायचा तो चालीवरून, नाहीतर रंगावरून. त्यातच मुले दीडशे आणि सैन्ये चार. प्रसंग संपला की तीच मुले सेटच्या मागून धावत दुसऱ्या टोकाला जाणार आणि दुसऱ्या सैन्यात दाखल होणार. मी घड्याळ लावून पाहिले. ढाल-तलवारीसह ते अंतर कापायला पाऊण मिनिट लागते. अंगरखा बदलायला वेळच नाही, बदलणार फक्त पागोटे आणि कमरेचा शेला. काकांनी कापड आणूनही ठेवले होते, अर्धे भगवे, अर्धे हिरवे.

हा निर्णय काटकसरीचा होता, त्यात कोणाचा काही हेतू नव्हता. म्हणूनच तो मला धोक्याचा वाटला. मुधोळचे बाजी घोरपडे आदिलशाहीचे सरदार. खुद्द शहाजीराजांची बरीच हयात आदिलशाहीच्या चाकरीत गेली. पुरंदरला वेढा घालून तहाला भाग पाडणारा मिर्झाराजा जयसिंग. आणि इकडे महाराजांच्या आरमारात दौलतखान. दोन रंगांत हे काहीच मावत नाही. शंभर मीटरवरून पाहणाऱ्या सातवीतल्या मुलाला दिसेल ते एवढेच, की हिरवे आले आणि भगव्यांनी हाणले. नाटकात तसे एकही वाक्य नसले तरी.

यावर दोन रात्री वाद झाला. दिग्दर्शकाचे म्हणणे खोटे नव्हते. रंग काढून घेतले तर कोण कोणाला मारतोय हे कळणार नाही, आणि कळले नाही की मैदानातली माणसे चहाच्या टपरीकडे वळतात. शेवटी तोडगा काकांनीच काढला. पागोटी सरदाराप्रमाणे. घोरपड्यांची माणसे एका रंगाची, खानाची खास तुकडी दुसऱ्या, जयसिंगाचे रजपूत तिसऱ्या, मावळे साधे पांढरे-मळकट, आणि प्रत्येक तुकडीपुढे उंच काठीवर वेगळे निशाण. कापड वाढले, खजिनदार कुरकुरले. पण अफजलखानाच्या प्रसंगात आदिलशाही छावणीत निरनिराळ्या रंगांची पागोटी एकत्र दिसली, तेव्हा त्या फौजेचे खरे रूप पहिल्यांदा माझ्याही डोळ्यांपुढे आले.

आवाजाची कथा निराळी. नाट्यगृहात नट बोलतो आणि आपण ऐकतो. मैदानात वारा बोलू देत नाही, म्हणून संवाद आधी स्टुडिओत ध्वनिमुद्रित होतात आणि रंगमंचावर फक्त ओठ हलतात. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे शंभर मीटरवरच्या प्रेक्षकाला तो पाव सेकंदाहून जास्त उशिरा पोचतो. मैदानाच्या मध्यावर जादा स्पीकर लावले तर आणखी घोटाळा. तारेतून जाणारा आवाज तिथे लगेच पोचतो, रंगमंचाजवळचा हवेतून मागाहून येतो, आणि एकच वाक्य दोनदा ऐकू येते. म्हणून मधल्या स्पीकरांचा आवाज मुद्दाम तेवढा लांबवावा लागतो. ध्वनियोजना करणारा मुलगा हा हिशेब मैदानात पावले मोजून करत होता. ओठ कोणाला दिसतच नाहीत, तेव्हा नटाला शिकवावे लागते ते हातांचे बोलणे. शब्दाच्या किंचित आधी हात उठायला हवा, म्हणजे कोण बोलतोय हे कळते. छपराखालचा चांगला नट इथे पहिला आठवडा अवघडून जातो. लेझीम खेळणारा मुलगा मात्र सहज जमवतो.

ध्वनिमुद्रणाचा दुसरा परिणाम इतिहासाला जास्त जाचक आहे. नाट्यगृहातले नाटक पंचविसाव्या प्रयोगाला बदलता येते, एखादे चुकीचे वाक्य गाळता येते. ट्रॅक एकदा पक्का झाला की त्यातले संगीत, घोड्यांचा प्रवेश, दिव्यांची उघडझाप सगळे त्याला बांधलेले. एक वाक्य काढायचे म्हणजे साखळीच तुटते. संशोधन पुढे जाते, ट्रॅक तिथेच राहतो.

या साखळीला बाहेरूनही एक कुलूप आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद. राज्य सरकार वर्षातले मोजके दिवस बारापर्यंत सवलत देऊ शकते, पण ते दिवस बहुधा सणांना जातात. डिसेंबरात आमच्याकडे सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो, प्रकाशयोजना दिसण्याइतका अंधार व्हायला साडेसहा. हातात उरतात साडेतीन तास. त्यातून पाहुण्यांचे आगमन, दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, आणि ज्यांनी मंडपाचा खर्च उचलला त्यांची दोन शब्दांची वीस मिनिटांची भाषणे. संहिता होती तीन तास दहा मिनिटांची. कात्री लागणार हे ठरलेलेच होते. प्रश्न इतकाच की कुठे.

कात्री लागली पुरंदरच्या तहाला. यात कोणाची अनास्था नव्हती, मैदानाचा स्वभावच तसा आहे. तह म्हणजे गालिच्यावर बसलेली दोन माणसे. शंभर मीटरवरून तिथे काहीच घडत नाही. मुरारबाजीची झुंज दिसते, सुरतेची लूट दिसते, आग्ऱ्याचे पेटारे तर फारच छान दिसतात. जमिनीची मोजणी, वतनांचा बंदोबस्त, कर्ज, तह, माघार यांना मैदानात अंगच नाही. छपराखालच्या नाटकाने लढाई विंगेत ढकलली होती. मैदानाने राजकारण विंगेत ढकलले. अशा प्रयोगांत महाराज सतत जिंकताना दिसतात याचे कारण केवळ भक्तीत शोधू नये. थोडेसे ते मीटर आणि मिनिटांत आहे.

पण जून १६६५ चा तो तह काढला तर आग्रा समजत नाही आणि १६७० मध्ये किल्ले परत घेण्याची धडपडही समजत नाही. मी अडून बसलो. प्रकाशयोजनाकाराने विचारले, "त्यात आकडा काय आहे?" मी सांगितले, तेवीस किल्ले दिले, बारा राहिले. त्याने सेटच्या तटबंदीवर पस्तीस कंदिलांची रांग लावली. निवेदनाची दोन वाक्ये, मग संगीत थांबते आणि कंदील एकेक करून विझत जातात. पंचेचाळीस सेकंद. तेविसावा विझला की उरलेल्या बारांत तट ओळखू येत नाही इतका अंधार होतो. चारही रात्री त्या वेळी मी मुद्दाम प्रेक्षकांत जाऊन उभा राहिलो. टपरीकडे कोणी वळले नाही. एक आजोबा मोठ्याने मोजत होते.

खरी आग मात्र आम्ही शक्य तितकी टाळली, आणि त्याला आधार महाराजांच्याच पत्राचा घेतला. चिपळूणच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना मे १६७३ मध्ये गेलेल्या पत्रात गवताच्या गंजींविषयी काळजी आहे. कोणी चुली पेटवतील, कोणी चिलीम ओढतील, रात्री दिवा जळता ठेवला तर उंदीर पेटती वात पळवील आणि गवताला आग लागून छावणीचा वणवा होईल, अशी ती ताकीद. कपडेपटाचा तंबू, गोणपाट आणि प्लायवूडचा सेट, घोड्यांसाठी आणलेला कडबा हे सगळे पन्नास पावलांच्या आत असताना मशाली हव्यात म्हणणाऱ्यांना मी ते पत्र वाचून दाखवले. मशाली दोनच राहिल्या, बाकी दिवे. पत्र कपडेपटाच्या तंबूवर चिकटवले गेले, आणि विडी ओढायला बाहेर जाणारी मुले त्याला मुजरा करून जाऊ लागली.

घोडे वरातीचे होते. तालुक्यात भाड्याने मिळतात ते तेच. त्यांना गर्दीची, दिव्यांची, फटाक्यांची सवय असते हा मोठाच फायदा. तोटा असा की ताशा वाजला की ते नाचतात. सुरतेवर निघालेला स्वार ताशाच्या पहिल्या ठोक्याला जागच्या जागी थुईथुई करू लागला, तेव्हा रंगीत तालीम दहा मिनिटे हसण्यात गेली. त्या प्रसंगातला ताशा काढून नगारा घातला. नगाऱ्यावर घोडे धावतात हे त्या दिवशी सर्वांना कळले, घोडेवाला सोडून. त्याला आधीच माहीत होते, पण त्याला कोणी विचारले नव्हते.

हत्ती नव्हता. तमाशा-प्रयोगांत वापरायच्या प्राण्यांची २००१ च्या नियमांप्रमाणे जीवजंतू कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. हत्ती तर वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला. परवानगीचे कागद, वाहतूक, माहूत, चारा, आणि मुख्य म्हणजे दिव्यांच्या झोतात बिथरलेला हत्ती. मंडळाने विषय सोडला ते बरेच झाले. पण राज्याभिषेकाला हत्ती नाही याची हळहळ होतीच, आणि तिथे मला हेन्री ऑक्झिंडेनची आठवण झाली.

जून १६७४ मध्ये रायगडावर राज्याभिषेक पाहणारा हा इंग्रज वकील. त्याने सिंहासनाच्या बाजूचे भाले नोंदले आहेत. सोनेरी भाल्यांच्या टोकांना माशाची डोकी, घोड्यांच्या शेपट्या आणि समतोल धरलेला सोन्याचा तराजू. दाराशी दोन लहान हत्ती आणि दोन देखणे घोडे. गडाची वाट इतकी बिकट असताना ही जनावरे वर आणली कशी, याचे त्याला नवल वाटले. मी ही नोंद बऱ्याचदा वाचली होती, पण मैदानात काम केल्यावर ती वेगळी वाचता आली. ऑक्झिंडेनने मुत्सद्दी म्हणून जे टिपले ते सगळे दुरून दिसावे म्हणूनच मांडलेले होते. भाल्याच्या उंचीवर नेलेला तराजू हा दरबारात मागे उभ्या असलेल्या माणसासाठी होता. सभासद बत्तीस मणांच्या सिंहासनाचा आकडा देतो, तोही नजरेत भरावा असाच. त्या सोहळ्यामागेही कोणीतरी अंतरे मोजली असतील, आणि चढणीवर हत्तींना चालवणारा कोणीतरी माहूत असेलच. त्याच्याबद्दल एकही कागद नाही.

आमच्या राज्याभिषेकात हत्तींच्या जागी दाराशी दोन घोडे उभे केले. तराजू मात्र हवाच असा माझा आग्रह होता, कारण तो आजवर फारसा कोणी दाखवत नाही. सुताराने हातभर लांबीचा केला. मैदानाच्या टोकाला उभे राहून पाहिले तर काहीच दिसेना. दुसरा केला सहा फुटांचा, पातळ प्लायवूडचा, वर सोनेरी कागद. तो दिसला, पण वाऱ्याने पारडी हलू लागली आणि समतोल काही राहीना. शेवटी दोन्ही पारडी तारेने दांडीला घट्ट बांधली, आणि चौथ्या रात्री दव पडून सोनेरी कागद सुटला तो सुताराने प्रयोग चालू असताना, सिंहासनामागे पोटावर झोपून, एका हाताने धरून ठेवला.