यमूला ‘बिचारी’ म्हणण्यापूर्वी

‘कादंबरीतील नायिकेचे स्वभावचित्रण करा’ हा साहित्याच्या परीक्षेतील नेहमीचा प्रश्न. त्याचे उत्तरही बहुधा ठरलेलेच असते. सोशिक, प्रेमळ, बुद्धिमान अशी विशेषणांची माळ ओवायची, प्रत्येकाखाली एक प्रसंग लिहायचा आणि ‘अशी ही नायिका मनात घर करते’ असे म्हणून पुढच्या प्रश्नाकडे वळायचे. हरि नारायण आपटे यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो!’मधील यमूवर असे उत्तर लिहिणारा विद्यार्थी उत्तीर्ण होईलही. यमू मात्र त्यात सापडणार नाही.

१८९० पासून ‘करमणूक’ साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झालेल्या या कादंबरीचे कथानक थोडक्यात सांगता येते. बालवयात लग्न, सासरचा जाच, मुंबईत पतीसोबतचे थोडे सुखाचे दिवस, त्याचा अकाली मृत्यू आणि इच्छेविरुद्ध झालेले केशवपन. उत्तराची अर्धी जागा याच हकिकतीत खर्ची पडते. परीक्षकाने कादंबरी वाचलेली असते, हे विसरले जाते.

उत्तराची खरी सुरुवात दुसरीकडून व्हायला हवी. यमू ही या कादंबरीची निवेदक आहे. आपली कहाणी ती स्वतः, सारे घडून गेल्यावर सांगते. त्यामुळे प्रत्येक प्रसंगात दोन यमू भेटतात: एक भोगणारी, दुसरी मागे वळून पाहणारी. लहानग्या यमूला घरातील मुलगा आणि मुलगी यांच्यातील भेद फक्त जाणवतो. सांगणाऱ्या यमूला त्याचा अर्थ कळलेला असतो. हे अंतर कशामुळे पडले? मुंबईत पती रघुनाथराव तिला शिकवतो, बरोबरीच्या नात्याने वागवतो. पुढचे दुःख ओळखण्याची आणि शब्दांत मांडण्याची ताकद तिथेच येते. म्हणून मुंबईचा भाग ‘सुखाचे दिवस’ म्हणून एका ओळीत उरकणे ही मोठी चूक ठरते.

याच्या उलट चूकही होते. यमूला बंडखोर ठरवण्याचा मोह आवरावा. विधवाविवाहास १८५६ मध्ये कायद्याने मान्यता मिळाली होती, पण यमू त्या वाटेला जात नाही. कायदा असूनही घरातील सत्ता, आर्थिक परावलंबन आणि लोकलज्जा यांपुढे तो किती तोकडा पडतो, हे तिच्यातून दाखवता येते. मैत्रीण दुर्गीशी केलेली तुलना येथे उपयोगी पडते. दुर्गीला नवरा आहे, पण सुख नाही. म्हणजे आपटे यांचा रोख केवळ वैधव्याकडे नाही. काळाचा संदर्भ मात्र बेताने द्यावा. संमतिवयाचा कायदा १८९१ चा. कादंबरी छापली जात असतानाच तो वाद पेटला होता, एवढे पुरे. सुधारणांचा इतिहास लिहीत बसल्यास यमू बाजूलाच राहते.

उरतो तो सर्वांत अवघड मुद्दा. कादंबरी सुरू झाली तेव्हा आपटे अवघे २६ वर्षांचे होते. स्त्रीचा हा आवाज एका तरुण पुरुषाने लिहिला आहे. यमूचे शिक्षण पतीच्या हातून होते आणि तिचा आधारही बहुतेक वेळा भाऊ किंवा पती असतो. ही त्या काळाची मर्यादा की लेखकाची? दोन्ही बाजूंनी उत्तर देता येते. मात्र कोणतीही बाजू घेतली तरी तिच्यासाठी कादंबरीतील एक तरी प्रसंग पुढे ठेवावा लागेल.