इंग्रजी कादंबरी पूर्ण झाली, आता पुढे काय?

कादंबरी हातावेगळी केलीत? अभिनंदन! 🎉 मराठीत आपण हस्तलिखित घेऊन थेट प्रकाशकाकडे जातो. अमेरिका-ब्रिटनमधले बहुतेक मोठे प्रकाशक मात्र लिटररी एजंटमार्फतच (म्हणजे लेखकाच्या वतीने प्रकाशकांशी बोलणाऱ्या मध्यस्थामार्फतच) येणारं लेखन वाचतात. म्हणून आधी एजंट गाठायचा.

👉 पहिलीच कादंबरी असेल तर ती पूर्ण हवी. अर्धवट पाठवू नका.
👉 एजंटला आधी जातं एकपानी 'क्वेरी' पत्र: नायक कोण, त्याला काय हवंय, आड काय येतंय. शिवाय कादंबरीचा प्रकार, शब्दसंख्या आणि स्वतःबद्दल दोन ओळी. शेवट पत्रात फोडू नका, तो कथानकाच्या वेगळ्या सारांशात सांगायचा.
👉 ब्रिटनमध्ये पत्रासोबत हा सारांश आणि बहुधा पहिली तीन प्रकरणं मागतात. प्रत्येक एजंटचे नियम वेगळे, ते आधी वाचा.
👉 एजंटचं कमिशन साधारण १५ टक्के, तेही लेखकाला पैसे मिळाल्यावर. नुसतं वाचण्याचे पैसे मागितले, तर तिथूनच रामराम!

नकार आले? कॅथरिन स्टॉकेट यांच्या 'द हेल्प'ला ६० एजंटांनी नाही म्हटलं, ६१व्या एजंटने होकार दिला. २००९ साली पुस्तक आलं आणि तुफान खपलं. 📚