देश हरवला, पण आठवणी जपल्या!

दोस्तांनो, समजा भूगोलाच्या तासाला तुम्ही नकाशा उघडलात आणि त्यात तुमचा देशच सापडला नाही, तर? छपाईची चूक नाही बरं का, देशच नाहीसा झालाय!

पोलंडच्या बाबतीत असं खरोखर घडलं. रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया या बलाढ्य शेजाऱ्यांनी १७७२, १७९३ आणि १७९५ अशा तीन घासांत हा देश गिळून टाकला. स्वतंत्र देश म्हणून तो परत आला थेट १९१८ साली. म्हणजे तब्बल १२३ वर्षांनी! मधल्या काळात जन्मलेल्या मुलांना कसं कळणार, की आपला एक देश होता? ही काळजी ज्यांनी वाहिली, त्यांत एक होतं चार्टोरिस्की हे सरदार घराणं.

उंट तंबूत शिरला!

हे घराणं मूळचं लिथुआनियाच्या राजवंशातलं. चार्टोरिस्क या गावावरून त्यांना हे नाव पडलं. ते गाव आज युक्रेनमध्ये आहे. घोड्यावर बसलेला, तलवार उगारलेला स्वार ही त्यांची निशाणी. अठराव्या शतकात त्यांचा दरारा एवढा वाढला, की त्यांना आणि त्यांच्या पाठीराख्यांना लोक नुसतं ‘फामिलिया’ म्हणत. फामिलिया म्हणजे कुटुंब.

तेव्हाच्या पोलंडमध्ये राजा निवडून येत असे. पण मत देण्याचा हक्क फक्त सरदारांना. त्यांच्या संसदेचा एक अजब नियम होता. एका जरी सभासदाने ‘मला मान्य नाही’ असं म्हटलं, तरी सगळं अधिवेशन बरखास्त! मग शेजारी राजांचं फावलं. एका सभासदाचा खिसा गरम केला, की झालं काम.

हे बदलायला हवं, असं चार्टोरिस्कींना वाटत होतं. पण १७६४ साली आपल्या भाच्याला, स्तानिस्वाव पोनियातोव्हस्कीला राजा करण्यासाठी त्यांनी चक्क रशियाच्या फौजेची मदत घेतली. अरब आणि उंटाची गोष्ट तुम्ही वाचली आहे ना? तस्संच झालं. उंट आत शिरला आणि पुढे अरबालाच तंबूबाहेर जावं लागलं!

बागेतलं आगळं मंदिर

आता या गोष्टीची खरी नायिका येते. तिचं नाव इझाबेला चार्टोरिस्का. विस्तुला नदीकाठच्या पुवावी गावात तिचा राजवाडा होता. १७९४ साली पोलिश लोकांनी रशियाविरुद्ध उठाव केला, तो फसला आणि रशियन सैनिकांनी वाड्याची नासधूस केली. इझाबेलाच्या दोन मुलांना ओलीस म्हणून रशियाच्या राजधानीत पाठवावं लागलं.

दुसरी कुणी असती, तर खचून गेली असती. इझाबेलाने मात्र वाडा सावरला, बाग पुन्हा फुलवली आणि बागेत एक गोल, खांबांचं मंदिर बांधलं. १८०१ साली ते खुलं झालं. त्यात देवाची मूर्ती नव्हती; होत्या पोलंडच्या आठवणी. राजाराण्यांच्या वस्तू, जुनी शस्त्रं, लढायांत जिंकलेली निशाणं. दारावर लिहिलं होतं : ‘भूतकाळ – भविष्यासाठी’. पोलंडमधलं हे पहिलं संग्रहालय.

तिथे दोन साध्या तलवारी होत्या. १४१० साली ग्रुनवाल्डच्या लढाईआधी जर्मन सरदारांनी पोलंडच्या राजाला त्या डिवचण्यासाठी पाठवल्या होत्या. जणू म्हणत होते, ‘घ्या, तुमच्याकडे नसतील तर!’ लढाई मात्र पोलंडच्या राजानेच जिंकली. अशी तलवार पाहिल्यावर कुठला मुलगा आपला देश विसरेल?

इझाबेलाच्या मुलाने, आदाम येझीने, इटलीतून आईसाठी एक चित्र आणलं. मांडीवर मुंगसासारखा पांढराशुभ्र प्राणी घेतलेल्या तरुणीचं. चित्रकार होता लिओनार्दो दा व्हिन्ची! मोनालिसा काढणारा तोच.

आजीच्या घरावर तोफा

१८३० साली पुन्हा उठाव झाला. साठीचा आदाम येझी बंडखोर सरकारचा प्रमुख झाला. एके काळी तो रशियाचाच परराष्ट्रमंत्री होता, बरं! १८३१ साली रशियन तुकडीने पुवावीवर तोफा डागल्या. तिचा सेनापती कोण होता, ठाऊक आहे? इझाबेलाच्या मुलीचा मुलगा. म्हणजे तिचा सख्खा नातू! फाळणी नुसती नकाशाची होत नाही, ती घराघरांतून जाते.

उठाव फसला. पुवावी जप्त झालं. आदाम येझीला मृत्युदंड सुनावला गेला. पण तो पॅरिसला निसटला. संग्रहाच्या वस्तू कुणी लपवल्या, कुणी गुपचूप परदेशी नेल्या. ग्रुनवाल्डच्या तलवारी १८५३ साली रशियन शिपायांच्या हाती लागल्या आणि कायमच्या गेल्या. पण बरंच काही वाचलं. आदाम येझीच्या मुलाने, व्वादिस्वावने, १८७८ साली क्राकोव्ह शहरात ते लोकांपुढे मांडलं.

रिकामी चौकट

संकट संपलं नव्हतं. १९३९ साली हिटलरचं सैन्य पोलंडवर तुटून पडलं. मौल्यवान वस्तू श्येन्यावा गावच्या वाड्यात भिंतीआड दडवल्या होत्या. जर्मनांनी त्या शोधून काढल्या. लिओनार्दोचं चित्र जर्मन गव्हर्नर हान्स फ्रांक याच्या ताब्यात गेलं. युद्ध संपल्यावर अमेरिकन सैनिकांना ते जर्मनीत सापडलं आणि १९४६ साली क्राकोव्हला परतलं. पण त्याच संग्रहातलं राफाएलचं एका तरुणाचं चित्र आजवर सापडलेलं नाही. आणखी आठशेंहून अधिक वस्तूंचा पत्ता नाही.

२०१६ साली पोलंडच्या सरकारने हा सारा संग्रह १० कोटी युरोंना घेतला. २०१९ साली संग्रहालय नव्याने उघडलं.

एक गोष्ट मात्र विसरू नका. चार्टोरिस्कींची श्रीमंती त्यांच्या जमिनीत वेठीने राबणाऱ्या शेतकऱ्यांच्या घामातून आली होती. त्या शेतकऱ्यांची कुदळ, त्यांचं घोंगडं कुणी मंदिरात ठेवलं नाही. तरीही खेड्यातल्या लोकांना देशाचा इतिहास कळावा, म्हणून इझाबेलाने एक सोपं पुस्तकही लिहिलं, हेही खरं.

राफाएलच्या त्या हरवलेल्या चित्रासाठी क्राकोव्हच्या संग्रहालयात कित्येक वर्षं एक रिकामी चौकट टांगलेली होती. चित्र गेलं, पण जागा राखून ठेवलेली! सव्वाशे वर्षं पोलिश लोकांनी आपल्या देशासाठीही अशीच जागा राखली होती. म्हणूनच तो परतला, तेव्हा त्याला ओळखणारी माणसं होती.