बाटलीतलं लिंबू : गिमलेटचं घराणं आणि कृती

गिमलेट या कॉकटेलमध्ये दोनच जिनसा पडतात : जिन आणि लाइम कॉर्डियल, म्हणजे साखर घालून टिकवलेला लिंबाचा रस. सोडा नाही, टॉनिक नाही, वर पुदिन्याचा तुरा नाही. इतकं साधं पेय बिघडायचं काय, असं वाटतं. पण ते सर्रास बिघडतं. काही ठिकाणी गडद हिरव्या रंगाचा गोडमिट्ट पाक ओतला जातो आणि ग्लासात खोकल्याचं औषध तयार होतं. काही जण उत्साहाने ताजं लिंबू पिळून त्यात साखरेचा पाक घालतात. ते छान लागतं, पण ते जिन सावर झालं, गिमलेट नव्हे. मुरलेल्या लोणच्याच्या जागी ताजी लिंबाची फोड वाढली तर जेवण अडत नाही, पण लोणचं वाढलं असं कुणी म्हणणार नाही. फरक नेमका तसाच आहे. गिमलेटची चव ताज्या रसाची नाही, टिकवलेल्या रसाची आहे. घरी ते जमवायचं असेल तर जिनच्या बाटलीपेक्षा कॉर्डियलच्या बाटलीवर जास्त मेहनत घ्यावी लागते.

हा रस टिकवायची गरज कुणाला आणि का पडली, ते पाहिलं की ग्लासातल्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो.

लांब पल्ल्याच्या शिडाच्या जहाजांवर लढाईपेक्षा स्कर्व्हीने जास्त माणसं मरत. हिरड्या सुजत, दात हलत, भरलेल्या जुन्या जखमा पुन्हा उघडत. 1747 साली ब्रिटिश आरमाराच्या ‘सॉल्झबरी’ जहाजावर जेम्स लिंड या डॉक्टरने 12 आजारी खलाशी निवडले आणि त्यांच्या सहा जोड्या केल्या. कुणाला सायडर दिलं, कुणाला व्हिनेगर, कुणाला चक्क समुद्राचं पाणी. एका जोडीला रोज दोन संत्री आणि एक लेमन, म्हणजे जाड सालीचं पिवळं लिंबू. सहा दिवसांत फळं संपली, पण तेवढ्यात त्या दोघांपैकी एकजण कामावर उभा राहण्याइतका बरा झाला होता. गंमत अशी की फळं जहाजावर टिकत नाहीत म्हणून लिंडने सुचवलेला उपाय होता रस आटवून घट्ट करण्याचा, आणि आटवताना त्यातला औषधी गुणच मोठ्या प्रमाणात नाहीसा होत असे. क जीवनसत्त्व ही चीज त्या काळी कुणाला ठाऊक नव्हती.

पुढे गिल्बर्ट ब्लेन या आरमारी डॉक्टरच्या आग्रहामुळे 1795 मध्ये आरमारात लेमनचा रस नियमाने मिळू लागला आणि स्कर्व्ही मागे हटली. रस नासू नये म्हणून त्यात दारू मिसळलेली असे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर भूमध्य समुद्राकाठच्या लेमनऐवजी वेस्ट इंडीजमधल्या ब्रिटिश मळ्यांतलं छोटं लिंबू, म्हणजे लाइम, वापरात आलं. माल आपल्याच वसाहतीतला, शिवाय चवीला जास्त आंबट; तेव्हा गुणही जास्तच असणार, असा हिशेब झाला. तो चुकला. 1875-76 च्या जॉर्ज नेर्सच्या आर्क्टिक मोहिमेत लाइमचा रस सोबत असूनही माणसं स्कर्व्हीने आडवी झाली. 1918 मध्ये हॅरिएट चिक आणि तिच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये तपासून दाखवलं, की स्कर्व्ही रोखण्यात लाइमचा रस लेमनच्या साधारण पावपट कामाचा आहे. आंबटपणा सायट्रिक ॲसिडचा. बरं करणारी वस्तू वेगळीच.

या सगळ्या धांदलीत चवीची बाजू लॉकलन रोझ या स्कॉटिश माणसाने सांभाळली. एडिंबराजवळच्या लीथ बंदरात त्याचा जहाजांना माल पुरवण्याचा धंदा होता. दारू न घालता लिंबाचा रस टिकवायच्या पद्धतीचं पेटंट त्याने 1867 मध्ये घेतलं. त्यात वापर होता सल्फर डायऑक्साइडचा, म्हणजे आपल्या साखर कारखान्यांत उसाचा रस स्वच्छ करायला जो वायू वापरतात त्याचाच. त्याच वर्षी ब्रिटिश व्यापारी जहाजांवर असा रस ठेवणं कायद्याने सक्तीचं झालं. रोझला याहून चांगला मुहूर्त मिळाला नसता. त्याने गोड केलेला रस घरगुती गिऱ्हाइकांसाठीही बाटल्यांत भरून विकला. लिंबाची पानं आणि फळं काचेत उठावाने कोरलेली ती उंच, निमुळती बाटली पुढे अनेक दशकं त्या कंपनीची ओळख बनली. दारू न पिणाऱ्यांसाठी पेय म्हणून तिला मोठी मागणी होती.

आणि आरमारी अधिकाऱ्यांनी त्याच बाटलीत पुन्हा दारू मिसळली. खलाशांना रम मिळे, अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये जिन चाले. प्लिमथच्या बंदरात तर जिनची भट्टी 1793 पासूनच होती. टॉमस गिमलेट नावाच्या आरमारी डॉक्टरने अधिकाऱ्यांच्या गळी लिंबाचा रस उतरवण्यासाठी तो जिनमध्ये घातला, अशी दंतकथा आहे. डॉक्टर खरा, त्याची नोकरी खरी. कृती त्याची होती याला मात्र लेखी पुरावा नाही. दुसरी कथा सांगते की नाव पिंपांना भोक पाडायच्या गिरमिटावरून आलं. कागदोपत्री भक्कम आधार मिळतो तो 1930 च्या ‘सॅव्हॉय कॉकटेल बुक’चा. लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलातल्या हॅरी क्रॅडकने त्यात अर्धी प्लिमथ जिन आणि अर्धं रोझचं कॉर्डियल असं प्रमाण दिलं आहे. रेमंड चॅंडलरच्या 1953 च्या ‘द लाँग गुडबाय’ या रहस्यकादंबरीतलं एक पात्र याच निम्म्या-निम्म्या प्रमाणाचा हट्ट धरतं, आणि त्यानंतर अमेरिकेत गिमलेटचा बोलबाला झाला.

निम्मं-निम्मं आजच्या जिभेला फार गोड होतं. पण त्या जुन्या चवीत एक खुबी होती आणि ती रसायनशास्त्राने समजावून घेण्यासारखी आहे. ताज्या लिंबाचा तो टवटवीत वास मुख्यतः सिट्रल या द्रव्याचा. ॲसिडच्या संगतीत, विशेषतः थोडी उष्णता मिळाली की, सिट्रल मोडतं. सालीच्या तेलातल्या लिमोनीनसारख्या घटकांपासून टर्पिनिऑल तयार होतं. वासातला हिरवेपणा उतरतो आणि फुलासारखा, किंचित पाइनसारखा वास वर येतो. कोला पेयांत आणि लिंबाच्या गोळ्यांत जे लिंबू जाणवतं ते हेच. जिनमध्ये जुनिपरची फळं असतात आणि त्यांचाही वास पाइनकडे झुकणारा. म्हणून टिकवलेलं लिंबू आणि जिन एकमेकांत मिसळून जातात. ताजं लिंबू जिनच्या शेजारी उभं राहतं.

आता आपल्या स्वयंपाकघराकडे येऊ, कारण इथे मराठी माणसाची बाजू फार वरचढ आहे. वेस्ट इंडीजमध्ये वाढलेलं ते लाइम म्हणजे आपलं कागदी लिंबूच. त्याचा उगम आशियातला. महाळुंग आणि एक रानटी आंबट फळ यांचा तो संकर. अरब व्यापाऱ्यांबरोबर ते पश्चिमेला गेलं आणि स्पॅनिश जहाजांतून अटलांटिकपार पोहोचलं. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचं ‘साई सरबती’ हे याच कागदी लिंबाचं वाण. युरोप-अमेरिकेत दुकानात मिळणारं मोठं, बिनबियांचं पर्शियन लाइम त्या मानाने सौम्य आणि कमी सुगंधी. म्हणजे रोझच्या कारखान्यात ज्या फळाचा रस दर्याप्रवास करून येत असे, ते फळ आपल्याकडे कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याकडे असतं.

कॉर्डियल करायला हंगाम साधावा. उन्हाळ्यात हस्त बहाराची फळं बाजारात येतात आणि भाव डोळे पांढरे करतात. पावसाळ्यात आंबे बहाराचं लिंबू रसाळ आणि स्वस्त असतं. 12 लिंबं घ्या, निम्मी हिरवट आणि निम्मी पिवळी. हिरव्या सालीत सुगंध जास्त, पिवळ्या फळात रस जास्त. धुऊन कोरडी पुसा. पिळण्याआधी साल किसायची, हा क्रम चुकला की पिळलेलं लिबलिबीत लिंबू किसणीवर धड धरताही येत नाही. किसणीची सगळ्यात बारीक बाजू घ्या आणि लिंबू एका जागी एकदाच फिरवा. कागदी लिंबाची साल नावाप्रमाणेच पातळ. दुसरा हात फिरला की पांढरा भाग येतो आणि त्याबरोबर कडवटपणा.

हा कीस 150 ग्रॅम साखरेत घाला आणि बोटांनी चोळा. इथे थोडा वेळ थांबून बघण्यासारखं आहे. साखरेचे खडे सालीतल्या तेलाच्या पिशव्या फोडतात. आधी कोरडी, खरखरीत असलेली साखर मिनिटा-दोन मिनिटांत ओल्या वाळूसारखी मुठीत वळते, फिकट हिरवी होते आणि सगळं स्वयंपाकघर घमघमायला लागतं. झाकून रात्रभर ठेवा. सकाळी तळाशी तेलकट पाक सुटलेला दिसेल. कॉर्डियलचा जीव तो.

मग लिंबं पिळा. साधारण 180 मिलिलिटर रस निघतो. बिया काढून रस साखरेत घाला, एक चहाचा चमचा सायट्रिक ॲसिड घाला आणि स्टीलच्या पातेल्यात मंद आचेवर ठेवा. तांब्या-पितळेचं भांडं नको, आंबट रस त्याला खातो. साखर विरघळून वाफ दिसू लागली की गॅस बंद. उकळी येऊ द्यायची नाही, पण अजिबात ऊब न देताही चालणार नाही; लिंडच्या रसाचं औषध ज्या उष्णतेने गेलं, तीच बेताने दिली तर आपल्या चवीच्या कामी येते. झाकून गार करा, मलमलीच्या फडक्यातून गाळा, उकळत्या पाण्याने धुऊन वाळवलेल्या बाटलीत भरा आणि तारीख लिहून फ्रीजमध्ये ठेवा. पहिल्या दिवशी ते नुसतं गोड सरबत लागतं. दोन-तीन दिवसांनी टोकं झिजतात आणि हवी ती चव येते. दोन आठवड्यांत संपवावं. आपल्याकडे रोझचा गंधकाचा वायू नाही. पाव लिटरच्या आसपास होतं, म्हणजे दहाएक ग्लासांची बेगमी.

जिन लंडन ड्राय पद्धतीची हवी. आधीच गोड केलेली किंवा रंगीत फळांची जिन इथे नको. एकेकाळी भारतीय जिन म्हणजे साध्या स्पिरिटला दिलेला वास अशी तिची कीर्ती होती. 2017 मध्ये गोव्यात तयार झालेली ‘ग्रेटर दॅन’ बाजारात आली आणि पाठोपाठ ‘हपुसा’, ‘स्ट्रेंजर अँड सन्स’ अशी नावं उभी राहिली. ग्रेटर दॅनमध्ये जुनिपरबरोबर धने, बडीशेप, आलं, गवती चहा असतो. ती गिमलेटला चपखल बसते. हपुसात हिमालयातलं जुनिपर, त्याला मातीचा वास. तिच्यासाठी कॉर्डियल थोडं कमी घ्यावं.

प्रमाण : जिन 60 मिलिलिटर, म्हणजे एक लार्ज, आणि कॉर्डियल 25. अंदाजपंचे ओतू नका. पेग मेझर नसेल तर खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरचं खुणांचं टोपण चालेल. शेकर नसला तरी बिघडत नाही. घट्ट फिरकीच्या झाकणाची स्टीलची बरणी घ्या, तिच्यात सात-आठ बर्फाचे खडे टाका. बर्फ ताजा लावलेला हवा. आठवडाभर सुरमईच्या शेजारी राहिलेला बर्फ गिमलेटमध्ये सुरमईच घेऊन येतो. झाकण लावून 12 ते 15 सेकंद जोरात हलवा. सुरुवातीला खड्यांचा टणटण आवाज येतो, कडा झिजल्या की तो मऊ होतो आणि बरणीच्या अंगावर दव जमतं. बोटांना चटका बसावा इतकी गार झाली की चहाच्या गाळणीतून, आधी फ्रीजरमध्ये ठेवलेल्या छोट्या ग्लासात ओता. या हलवण्यात वितळलेलं पाणी हा तिसरा घटक आहे, म्हणून ते वाया गेलं असं मानू नका. त्याच्याशिवाय पेय पाकासारखं जड लागतं.

पहिला घोट घेऊन तोल तपासा. गोड लागलं तर पुढच्या वेळी कॉर्डियल 20 वर आणा. टोचलं तर 30 वर न्या. जिन बदलली, लिंबाचा हंगाम बदलला की हा तोल हलतोच. सवय झाली की कॉर्डियल करताना साखरेत गवती चहाची एखादी पात चुरगळून टाका किंवा आल्याची चकती घाला. पण एका वेळी एकच. एक सावधगिरीही हवी. हे पेय सरबतासारखं लागतं, पण त्यातल्या मद्याचं प्रमाण वाइनच्या जवळपास दुप्पट भरतं. एक ग्लास आस्वादाचा, दुसरा विचार करून. शिवाय महाराष्ट्रात जिनसारख्या कडक मद्यासाठी वयाची अट 25 आहे आणि परवानाही लागतो.

मराठी घरात पाच पाहुण्यांतले दोन घेणारे आणि तीन न घेणारे असतात. न घेणाऱ्यांच्या हातात बहुधा कसलं तरी रंगीत कोल्ड्रिंक येतं आणि घेणाऱ्यांचे लाड होतात. या बाटलीने तो भेदभाव मिटतो. 30 मिलिलिटर कॉर्डियल, वर थंडगार सोडा आणि मिठाची चिमूट, एवढं केलं की त्या तिघांनाही मुरलेल्या लिंबाची तीच चव मिळते. रोझने दारू वगळून रस टिकवला तो अशाच गिऱ्हाइकांच्या जोरावर चालला; जिन त्यात नंतर आली. म्हणून पाहुणे यायच्या तीन दिवस आधी कॉर्डियल करायला घ्या, आणि करताना लिंबं दुप्पट आणा.